बैठक मोडण्याआधी

"दिला," बाबा म्हणाले.

"कबूल," धाकटी म्हणाली.

झालं. एकावन्न वर्षांचा टाइल्सचा कारखाना, खालची मोठी भट्टी, मागचं माती मळायचं आवार, सगळं ठरलेल्या किमतीला, दोन शब्दांत इकडचं तिकडे झालं. थोरली मुलगी खिडकीपाशी उभी होती. सकाळीच लहान भट्टीतून निघालेल्या नमुन्याच्या चकत्या तिच्या हातातल्या ट्रेमध्ये होत्या. आज हे होणार हे तिला तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं, तरी कानांनी ऐकल्यावर तिनं ट्रे टेबलावर असा ठेवला की चकत्या खळखळल्या.

"हळू," बाबा म्हणाले. त्यांना चकत्यांची काळजी.

कारखान्यावरच्या या ऑफिसात पाच माणसं आली की सहाव्याला जागा उरत नसे. बाबा त्यांच्या फिरत्या खुर्चीत, दुखऱ्या गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी घेऊन. त्यांच्या उजव्या हाताला आत्या, त्यांची धाकटी बहीण, जिनं चाळीस वर्षं कॉलेजात इस्लामी कायदा शिकवला. समोर मामा, आईचे भाऊ, तिसऱ्या पिढीचे नोटरी, मांडीवर चामड्याची बॅग सांभाळत. आणि बाबांच्या डाव्या हाताला, गेली सव्वीस वर्षं थोरली ज्या लाकडी स्टुलावर बसत आली त्या स्टुलावर, धाकटी.

बसायला दुसरी खुर्ची नव्हती असं नाही. पण धाकटी आली की थेट तिथंच बसायची, आणि बाबांना त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

या घरात कुठलाही करार दोनदा व्हायचा. बाबांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इस्लामी कायद्यानं व्यवहार करत आलेली, आईचं माहेर युरोपातून आलेल्या कायदेसंहितेवर पोसलेलं. आई-बाबांच्या लग्नात दोन्हीकडच्या आजोबांनी हट्ट सोडला नाही, म्हणून एकाच दिवशी सकाळी एका पद्धतीनं आणि दुपारी दुसऱ्या पद्धतीनं लग्न लागलं, तेव्हापासूनची ही रीत. आई गेली, रीत राहिली. गाडी विकायची असो नाहीतर गोदाम घ्यायचं असो, आधी आत्यासमोर शब्द, मग मामांसमोर सही. आणि दर वेळी त्या दोघांची जुंपायची, कारण आपलाच कायदा सरस हे दाखवायची संधी दोघांपैकी कुणीही सोडत नसे.

"अभिनंदन," मामांनी बॅग उघडली. "प्रस्ताव आला, स्वीकृती आली. आमच्याकडे विषय संपला. जमीन आहे म्हणून माझ्यासमोर सही लागते, नाहीतर मी चहा पिऊन घरी गेलो असतो."

"तुमच्याकडे संपला असेल, नोटरीसाहेब," आत्या चष्मा पुसत म्हणाली. "आमची मजलिस अजून चालू आहे."

"म्हणजे काय ग, आत्या?" धाकटीनं विचारलं. बारा वर्षं परदेशात काढून ती हे विसरली होती, की विसरल्यासारखं करत होती, थोरलीला कळेना.

"मजलिस म्हणजे ही बैठक. देणारा आणि घेणारा ज्या बैठकीत बोलले, ती मोडून दोघं पांगेपर्यंत कुणीही आपला शब्द मागे घेऊ शकतो. कारण द्यायची गरज नाही. एकदा एकजण उठून गेला की शब्द पक्का. सगळ्या पंथांचं यावर एकमत नाही, पण आपल्या घरात हेच पाळत आले."

"म्हणजे माणूस लघवीला गेला की करार पक्का?" मामांनी विचारलं.

"तुम्ही देणारेही नाही आणि घेणारेही नाही. तुम्ही खुशाल जाऊन या."

बाबा मनापासून हसले. धाकटीही हसली आणि हसता हसता तिनं बाबांच्या हातावर हात ठेवला. थोरलीच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं स्वतः बाबांच्या हातावर असा हात कधी ठेवला नव्हता. तिचे हात कायम मातीनं भरलेले असायचे.

अकरा वर्षांपूर्वी बाबांनी आधी तिलाच विचारलं होतं, घेतेस का म्हणून. तेव्हा ती टाइल्सवर चढवायच्या एका पिवळ्या झिलईच्या मागे लागली होती. "मालकी घेऊन काय करू? मला काम करू द्या," ती म्हणाली होती. बाबांनी मान डोलावली आणि पुन्हा विषय काढला नाही. ते कधीतरी पुन्हा विचारतील म्हणून ती थांबली. थांबता थांबता अकरा वर्षं गेली, आणि आठ महिन्यांपूर्वी धाकटी परत आली, तिकडचा संसार तिकडेच मोडून, दोन बॅगा आणि एका नव्या इस्पितळाच्या कामाची बोलणी घेऊन. चार हजार चौरस फूट भिंती, सगळ्या निळ्या. परत येऊन सहा महिने झाले नाहीत तोवर तिनं सरळ विचारलं, "बाबा, कारखाना मला द्याल?" बाबा म्हणाले, बघू. इतकं सोपं होतं ते. नुसतं तोंड उघडून मागायचं होतं.

मामांनी कागद वाचायला घेतला. वाचताना त्यांचा आवाज बदलायचा, जणू दुसराच कुणी बोलतोय. "जागा, बांधकामासह. मोठी भट्टी एक, लहान भट्टी एक. माती मळायचं यंत्र. साचे, तीनशे बारा. झिलईच्या कृती, शेहेचाळीस..."

"थांबा," थोरली म्हणाली.

मामा थांबले.

"काय वाचलंत?"

"शेहेचाळीस कृती. निळ्या झिलईसकट, असं लिहिलंय."

"त्या माझ्या आहेत."

बाबांनी खुर्ची तिच्याकडे फिरवली. "तुझ्या म्हणजे कारखान्याच्याच ना, बाळा."

"नऊ तुमच्या. सदतीस मी केल्या. एकट्या निळीला सहा वर्षं लागली मला. किती ट्रे फेकले ते तुम्हीच बघितलंय."

"हे बघ," मामा समजावणीच्या सुरात म्हणाले, "तू इथं पगार घेत होतीस. नोकरीत असताना माणूस जे शोधतो ते आमच्याकडे बहुतेक वेळा मालकाचं धरतात. तुझा काही करार असेल तर दाखव, मग बोलू."

"करार? मी मुलगी होते, मामा. मुलीशी कोण करार करतं?"

"आत्ताच केला की," आत्या म्हणाली आणि धाकटीकडे बघू लागली.

धाकटीचे कान लाल झाले. ती लहानपणापासून तशीच, चेहरा शांत आणि कान लाल.

"दादा," आत्या बाबांकडे वळली, "जे आपलं नाही ते विकता येत नाही. हे मी तुला सांगायला हवं का?"

"ते आमच्याकडेही आहे," मामा घाईनं म्हणाले.

"चला, एवढं तरी तुमच्याकडे आहे."

"मला वाटलं," बाबा म्हणाले, आणि पुढचे शब्द शोधत थांबले. "मला वाटलं, ती तर इथंच आहे. ती कुठे जाणार आहे?"

थोरलीला हसू आलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. "म्हणजे मीही यादीत आहे. साच्यांच्या वर की खाली?"

खालून कुणीतरी पाण्याचा नळ सोडल्याचा आवाज येत होता.

"ताई," धाकटी म्हणाली, "इस्पितळवाल्यांना मी निळी दाखवूनच काम मिळवलंय. ती गेली तर काम गेलं."

"मला न विचारता दाखवलीस."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले. म्हणून विचारायचं नाही?"

बाबांनी हात पुढे केला. मामांनी कागद दिला, पेन दिलं. बाबांनी ती ओळ स्वतः खोडली, आणि वर लिहिलं, नऊ. "सदतीस तुझ्या," ते थोरलीकडे न बघता म्हणाले. "माझं चुकलं."

थोरलीचा राग जरासा निवला. आत्या आपल्या बाजूनं आहे, बाबा चुकले म्हणाले, धाकटीचे कान अजून लाल आहेत. तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. एवढ्यावर ही बैठक संपती तर ती खाली जाऊन दोन घास जेवलीसुद्धा असती.

पण आत्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझं शेवटचं राहिलंय. दादा, जे विकतोयस त्यात ठाऊक असलेला काही दोष? लपवलास तर घेणाऱ्याला वस्तू परत करायचा हक्क राहतो, आणि तुझ्या कमाईतली बरकत जाते ती वेगळीच."

"यालाच आम्ही सद्भावना म्हणतो," मामा म्हणाले. "आणि ती नुसती करारापुरती नाही. बोलणी सुरू झाली तेव्हापासून, समोरच्याला कळायला हवं ते त्याला सांगायचं."

"आमच्याकडे याच्याही पुढे आहे. दोष ज्याला ठाऊक आहे, तो विकणारा नसला तरी त्यानं गप्प राहू नये."

"ते जरा जास्तच होतं हं, प्राध्यापकबाई. तिऱ्हाइताच्या डोक्यावर एवढं ओझं आमचा कायदा सहसा टाकत नाही."

दुपारभर आत्याच्या शब्दाला धरून बसलेल्या थोरलीला त्या क्षणी मामांचा कायदा एकदम आवडला. तिऱ्हाईत. ती देणारी नव्हती, घेणारी नव्हती. या वेळी तिला कुणी काही देऊ केलं नव्हतं, मग तिनं कुणाला काय द्यायचं होतं?

"दोष?" बाबा आठवू लागले. "मागच्या पत्र्याला दोन ठिकाणी गळती आहे, ती हिला दाखवलीय. यंत्राचा पट्टा जुना झालाय. बाकी भट्टी सोन्यासारखी आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, गुडघ्यामुळे मी दोन वर्षांत खाली उतरलो नाही. हिला विचारा." त्यांनी थोरलीकडे बोट केलं. "भट्टी हिच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. आणि हिनं मला आजवर एक गोष्ट खोटी सांगितलेली नाही."

चौघंही तिच्याकडे बघू लागले.

"भट्टी बरी आहे असं ताई म्हणाली की मला बस," धाकटी म्हणाली.

तीन आठवड्यांपूर्वी, एका मंगळवारी, रिकाम्या मोठ्या भट्टीत टाइल्स ठेवायच्या फळ्या लावताना थोरलीला मागच्या बाजूला कमानीत भेग दिसली होती. आधी तिला वाटलं काजळीची रेघ आहे. बोट घातलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं, आणि वरची वीट बोटाबरोबर किंचित हलली. ती तशीच, हात न धुता, जिना चढून वर आली होती. दार उघडलं तर स्टुलावर धाकटी, आणि बाबा म्हणाले, "बरं झालं आलीस. कारखाना हिला द्यावा म्हणतोय. तुला काय वाटतं?" तिला काय वाटतं हे त्यांनी अशा आवाजात विचारलं की जणू बाहेर ऊन आहे का विचारत होते. "चांगलंय," ती म्हणाली होती, आणि खाली जाऊन भेगेत भट्टीच्या मातीचा लेप भरला होता. वर पांढऱ्या मातीचा हात फिरवला होता. इतका सफाईनं की दुसऱ्या दिवशी तिला स्वतःला जागा शोधावी लागली.

"पट्टा बदलायला हवा," ती म्हणाली.

ते खोटं नव्हतं.

"बदलू," धाकटी उठली. तिनं बाबांच्या कपाळाला ओठ टेकले, पर्स खांद्याला लावली. "मी उठतेय हं आत्या, म्हणजे पक्कं ना? मामा, मी पाच मिनिटांत येते सहीला, खाली गाडी कुणाच्या तरी दारात लावलीय."

दार खिडकीच्या बाजूलाच होतं. थोरलीला एक पाऊल मागे घ्यायचं होतं, धाकटीला वाट द्यायची होती, इतकंच. तेवढं केलं की झालं असतं. ती तिथंच उभी राहिली.

"ताई, सरक ना."

"भट्टीच्या कमानीला भेग आहे."

"काय?"

"मागच्या बाजूला, धूर जातो तिथं. बोट जाईल एवढी. मी लेप दिलाय. दिसत नाही."

धाकटीचा हात पर्सच्या पट्ट्यावरच राहिला. "कधीपासून?"

"तीन आठवडे."

"म्हणजे बाबांनी मला सांगितलं तेव्हा..."

"त्याच दिवशी. तेच सांगायला वर आले होते. तू माझ्या स्टुलावर बसली होतीस."

"स्टुलावर!" धाकटीचा आवाज चढला. "मी स्टुलावर बसले म्हणून? मी भट्टी लावणार, ती माझ्या पहिल्याच कामाला कोसळणार, आणि तू लांबून बघणार, असं?"

"असं नाही," थोरली म्हणाली. मग तिलाच ते ऐकवेना. "असंच. तू तोंडावर पडावंस असं वाटत होतं मला. मग बाबा म्हणाले असते, थोरली होती तेव्हा असं कधी झालं नाही."

इतकं उघडं ती आयुष्यात कधी बोलली नव्हती. बोलून झाल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. नागडं झाल्यासारखं वाटलं.

बाबांनी गुडघ्यावरची पिशवी उचलून टेबलावर ठेवली. "मी हिला विचारा म्हणालो," ते हळूच म्हणाले. "सगळ्यांसमोर म्हणालो. माझ्या शब्दाच्या जागी मी तुझा शब्द ठेवला."

थोरली टेबलावरच्या त्या पिशवीकडे बघत राहिली.

आत्या आणि मामांनी एकमेकांकडे बघितलं. थोरलीच्या आठवणीत पहिल्यांदाच ती दोघं एका बाजूनं बोलली. आत्यानं धाकटीला सांगितलं, की दोष कळला आहे, बैठकही मोडलेली नाही, तेव्हा सोडायचं असेल तर सोड, तुला बोल लावणार नाही कुणी. मामा म्हणाले, सोड नाहीतर किंमत कमी करून घे, आमच्याकडे दोन्ही चालतं, आणि दोन्हीपैकी काहीही केलंस तरी मी कागद नव्यानं लिहून देतो, फी न घेता.

सोडेल. थोरलीच्या मनात तो शब्द आपोआप उमटला. आणि तो उमटताच जो आनंद झाला त्याची तिला लाज वाटली, पण आनंद काही ओसरला नाही.

धाकटी दारापाशीच उभी होती. "तुला आठवतं?" ती म्हणाली. "भट्टीचं ते बघायचं भोक. बाबा तुला उचलून त्यातून आत बघू द्यायचे. निळ्या काचेतून. मी म्हणायचे मला, मला, तर म्हणायचे, तू लांब उभी राहा, भाजशील. मी चाळिशी ओलांडली तरी मला ते भोक उंचावरच वाटतं. तिकडे बारा वर्षं मी दुसऱ्यांच्या टाइल्स विकल्या, ताई. प्रत्येक पत्रात बाबा लिहायचे, थोरलीची निळी जमत आली. माझं काय चाललंय हे एका ओळीत विचारायचे, शेवटी, सहीच्या वर."

"मला ठाऊक नव्हतं."

"तू कधी विचारलंस?" मग ती आत्याकडे वळली. "दोष ठाऊक असून घेतलं तर नंतर तक्रार करता येणार नाही ना?"

"त्या दोषाबद्दल नाही."

"बरं. मला हवाय कारखाना. भेगेसकट. मोठी भट्टी पाडू, नवी बांधू. इस्पितळवाल्यांना मी सांगते की निळी माझ्याकडे नाही, ताईकडे आहे, आणि ती देईल की नाही हे तीच सांगेल." तिनं थोरलीच्या दंडाला धरून तिला बाजूला केलं, जोर न लावता, जसं दारातलं टेबल सरकवावं तसं, आणि जिना उतरून गेली.

"मोडली मजलिस," आत्या म्हणाली.

"सही राहिलीय!" मामा म्हणाले.

"करेल ती सही. बसा तुम्ही."

बाबांनी ट्रेमधली एक चकती उचलली, उजेडात धरली, उलट सुलट करून पाहिली. एरवी अशा वेळी ते काहीतरी बोलायचे, जरा पातळ झाली, जरा जाड झाली. आज त्यांनी चकती पालथी ठेवली आणि खुर्ची खिडकीकडे फिरवली. मग थोरलीही खाली गेली.

धाकटी गाडीकडे गेलीच नव्हती. भट्टीचं दार सताड उघडं होतं, आणि ती आत वाकून टॉर्च मारत होती. तिच्या शेजारी भट्टीवाला उभा होता. बावीस वर्षं तो या भट्टीसमोर बसत आला होता. भट्टी लागली की भोकाला डोळा लावून आच बघायची, कधी वाढवायची, कधी उतरवायची, ते त्याचं काम. धाकटी त्याला काका म्हणायची, थोरली नुसतंच "ऐका हो" म्हणायची, आणि दोघींनाही तो ताई म्हणायचा.

त्याच्या हातात खरवडणी होती. लेपाचा एक पोपडा त्यानं आधीच काढला होता. आतून काळी फट दिसत होती, थोरलीला आठवत होती त्याहून रुंद.

"हा लेप तुमच्या हातचा, ताई," तो थोरलीला म्हणाला. "असा शेवटचा हात तुम्हीच फिरवता. मला वाटलं होतं, साधी डागडुजी असेल."

"नाही."

"नाही, ते कळलं आता." त्यानं खरवडणीनं फटीवरच्या विटेला नुसतं टेकवलं. वीट हलली आणि बारीक चुरा खाली झरझर पडला. त्यानं मागे होऊन त्या चुऱ्याकडे पाहिलं. "या तीन आठवड्यांत भट्टी दोनदा लागली. दोन्ही वेळा अकरा-अकरा तास मी इथं बसलो होतो."

धाकटीनं टॉर्च त्या चुऱ्यावर धरला.

"वर काय ठरलं?" त्यानं विचारलं.

"कारखाना मी घेतला," धाकटी म्हणाली. "ही भट्टी पाडायची."

"आणि माझं? माझं नाव निघालं का वर?"

तो रागानं नव्हता विचारत. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. थोरली मागे जाऊन ती सगळी दुपार चाचपू लागली. देणारा झाला होता, घेणारा झाला होता, तिऱ्हाइताचीसुद्धा चर्चा झाली होती, रोजच्या बोलण्यात नसलेले शब्द काढून दोन शहाणी माणसं तासभर बोलली होती, आणि भट्टीसमोर कोण बसतं हे एकालाही आठवलं नव्हतं. तिला तरी कुठे आठवलं होतं? कमान कोसळताना तिनं मनात किती वेळा पाहिली होती. अंथरुणावर पडल्या पडल्या पाहिली, चहा पिताना पाहिली. दर वेळी तिला धाकटीचा चेहरा दिसायचा, तो उतरलेला बघून बरं वाटायचं. भट्टीसमोरचा ओटा त्या चित्रात नेहमी रिकामा असायचा.

"काका," धाकटी पुढे झाली, "फार मोठी चूक झालीय. आता कारखाना माझा आहे, तेव्हा कारखान्याच्या वतीनं मी तुमची..."

आणि थोरलीला तीच जुनी कळ आली, स्टुलाची, हातावरच्या हाताची. हेही ही घेऊन चालली. माफीसुद्धा.

"थांब," ती म्हणाली. "हे माझं आहे. हे तुझ्या यादीत घालू नकोस."

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली.

थोरली भट्टीवाल्यासमोर येऊन उभी राहिली. बावीस वर्षांत ती त्याच्याशी भट्टीखेरीज कशाबद्दल बोलली नव्हती, त्यामुळे सुरुवात कशी करावी तिला कळेना. "मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "पहिल्या वेळीही ठाऊक होतं आणि दुसऱ्या वेळीही. मी तुम्हाला इथं बसू दिलं. बहिणीचा हेवा वाटत होता, दुसरं काही कारण नाही. तुमचा विचारच केला नाही मी. तुमच्या जिवाचं काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं. मला माफ करा."

तो ऐकत होता. ऐकताना त्यानं खरवडणी फडक्यानं पुसली, एकदा, दोनदा, पातं चकचकीत होईपर्यंत.

"ऐकलं मी," तो म्हणाला.

ती आणखी कशाची तरी वाट बघत उभी राहिली. पण त्याला तेवढंच म्हणायचं होतं. त्यानं खरवडणी जागेवर टांगली, डब्याची पिशवी उचलली आणि चपला घातल्या. सुटायची वेळ व्हायला अजून तास होता, पण त्याला थांब म्हणायचा धीर दोघींपैकी कुणालाच झाला नाही. आवार ओलांडून तो फाटकाबाहेर गेला, फाटक नेहमीसारखं हळू लावून घेतलं.

धाकटीनं टॉर्च बंद केला. "उद्या येईल का ग तो?"

"माहीत नाही."

"आणि नाही आला तर?"

"नाही आला," थोरली म्हणाली, "तर त्याचं बरोबर आहे."